ट्रेमोलोच्या दांडीचे आटे गेले, सूर जागेवर येईना : जळगाव-धुळ्याकडे काय करता येईल?

सहावी_तार (जळगाव)

राम राम मंडळी. ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवतो, हिंदी-मराठी आणि हल्ली निम्म्याहून जास्त अहिराणी. स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) धाटणीची सेकंडहँड गिटार आहे. ट्रेमोलो, म्हणजे दांडीने सूर खालीवर करणारा ब्रिज, दोन स्टडवाला (दोन खुंट्यांवर टेकलेला).

दुखणी दोन. दांडीचे आटे ब्लॉकमध्ये (ब्रिजखालच्या धातूच्या ठोकळ्यात) पार गेलेत. आवळली की नुसती गोल फिरते. नळाची पांढरी टेप गुंडाळून निभावतो, पण दोन गाण्यांत परत ढिली. दुसरं म्हणजे, दांडी दाबून सोडली की सूर जागेवर येत नाही. गायक माझ्याकडे बघतो, मी कीबोर्डवाल्याकडे बघतो.

आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) तारखा लागल्यात. पुण्या-मुंबईला पाठवली तर सीझन जाईल. पूर्ण ब्रिज बदलू की सुटे भाग होतात? एमआयडीसीत ओळखीचा एक लेथवाला आहे, म्हणतो आणून तर दे. पण तो दिवसभर ठिबकच्या फिटिंगचे साचे करतो, गिटार त्याने फक्त लग्नात पाहिलीय.

पटकन_सांगतो

ब्रिज फेक, नवा घाल. ऑनलाइन मिळतो. यात धागा काय काढायचा?

नाना_फिटर (भुसावळ)

फेकायची एवढी घाई कशाला? लोको शेडमध्ये आयुष्य गेलं आमचं. भाग मागवायच्या आधी नेमकं काय झिजलंय ते बघायचं, ही सवय. नाहीतर नवा ब्रिज लावूनही तेच रडगाणं.

मोबाइलवरचा ट्यूनर चालेल. सहाही तारा सुरात घ्या. दांडी खालपर्यंत दाबा, सोडा, प्रत्येक तार बघा. परत सुरात घ्या. आता दांडी वर ओढा, सोडा, बघा.

एक-दोन तारांचाच सूर हलला तर ब्रिजला हात लावू नका. दोष नटमध्ये (खुंट्यांकडची खाचांची पट्टी) किंवा त्या तारेच्या सॅडलमध्ये (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा). दाबून सोडल्यावर तार चढलेली राहिली तर नट धरतोय. दाबलं की तार सैल पडते आणि थोडी खुंटीकडे सरकते. सोडल्यावर ती नटमधून परत यायला हवी, ती मध्येच अडकते आणि ताणलेली राहते. वर ओढून सोडल्यावर याच्या उलट, उतरलेली.

सगळ्याच तारा एकदम हलल्या तर मात्र बिजागरी बघायची. म्हणजे प्लेटची धार स्टडच्या खाचेत टेकते ती जागा. तिथे घासत असेल तर ब्रिज पूर्ण परत येत नाही, मध्येच थांबतो. त्यामुळे दाबून सोडलं की सगळ्या तारा उतरलेल्या आणि ओढून सोडलं की सगळ्या चढलेल्या. नटच्या बरोब्बर उलटं. एवढं बघून सांगा, मग पुढचं बोलू.

चाळीसगावचा_भो

नाना, एक नंबर. मनी गिटार बी अशीच शे. आज रातले बघस.

सहावी_तार (जळगाव)

नाना, केलं. दोन्ही निघालं!

जी आणि डी तार दाबून सोडल्यावर चढते. सुरात घेताना या दोन तारांना नटमधून ‘टिक’ असा आवाजही येतो. आणि बाकीच्या चारही तारा दाबून सोडल्यावर थोड्या थोड्या उतरतात.

नाना_फिटर (भुसावळ)

टिक म्हणजे तार नटच्या खाचेत अडकून एकदम सुटतेय. खाच अरुंद असेल किंवा आत खडबडीत असेल. आधी तार बाजूला काढून मऊ शिसपेन्सिलीचं टोक खाचेत फिरवा. त्याने फरक पडला तर निदान पक्कं. १० नंबरच्या तारा लावता का? (नंबर म्हणजे सर्वांत बारीक तारेची जाडी.) नट ९ साठी कापलेला असेल तर जाड तार त्यात अडकणारच. खाच रुंद करायला कानस वापरू नका, ती फार जाड. दुमडलेला बारीक पॉलिश पेपर, हलका हात. खोली वाढवायची नाही, फक्त भिंती. खोली वाढली की तार फ्रेटवर खडखडते, मग नटच बदला.

आता प्लेट बाहेर काढून धार बघा. भिंग लागेल.

सहावी_तार (जळगाव)

पेन्सिलीने जी आणि डी जवळपास बऱ्या झाल्या. आभार.

भिंगाचं म्हणाल तर जळगावात राहून भिंगाला काय तोटा! सराफ बाजारात मामांचं दुकान आहे. त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग घेतलं आणि काउंटरच्या दिव्याखाली प्लेट धरली. जी धार सरळ असायला हवी तिला दोन ठिकाणी अर्धचंद्राचे खळगे पडलेत, नेमके स्टडच्या गोलाईएवढे. जाड तारांच्या बाजूचा खोल आहे. त्याच्या काठाला पातळ कंगोरा उठलाय, नखाला टोचतो. स्टडच्या खाचेतही गोल चरा, क्रोम उडून खालचा पिवळा धातू दिसतोय. मामा म्हणाले, कमी कॅरेटचा माल आहे रे.

धुळेकर_डिस्टॉर्शन

मग सोप्पंय की. कानशीने धार परत काढ. ग्राइंडरवर तर पाच मिनिटांचं काम.

नाना_फिटर (भुसावळ)

ग्राइंडर? अहो, ती धार आहे, विळा नाही पाजायचा.

चांगल्या ब्रिजची प्लेट पोलादाची, वरचा थर कडक केलेला. घासलं की तो थर जातो, खालचं मऊ पोलाद उघडं पडतं आणि महिन्याभरात परत खळगे. ग्राइंडरच्या उष्णतेने उरलेला कडकपणाही जातो. त्यात दोन्ही बाजू सारख्या घासल्या गेल्या नाहीत तर ब्रिज वाकडा बसणार. स्वस्त प्लेट मुळातच मऊ असते, तिथे घासून काहीच साधत नाही.

सीझनपुरतं भागवायचं असेल तर एवढं करा. तेलाच्या बारीक दगडावर तो टोचणारा कंगोरा तेवढा हलक्या हाताने उतरवा, खळगा भरून काढायच्या भानगडीत पडू नका. आणि दोन्ही स्टड अर्धा अर्धा फेरा फिरवा, म्हणजे खाचेची न झिजलेली बाजू पुढे येते. उंची किंचित बदलेल, सॅडलवर सांभाळून घ्या. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एकच. आपल्याकडची काळी धूळ तेलावर बसली की तिचाच पॉलिश पेपर होतो.

आणि हे सगळ्यांसाठी: तारा ताणलेल्या असताना स्टड फिरवून उंची बदलायची नाही. ९-४२ च्या सेटचा एकूण ताण साधारण ३८ किलो, १०-४६ चा ४६ च्या आसपास. मागून स्प्रिंगा तो ताण तोलून धरत असतात. एवढ्या दाबाखाली स्टड फिरवला की खाच धारेला कुरतडते. तुमच्या गिटारीच्या आधीच्या मालकाने हेच केलेलं दिसतंय. तारा सैल करा, मग फिरवा.

पटकन_सांगतो

म्हणजे शेवटी ब्रिज बदलायचाच ना. मी काय म्हणत होतो!

अमळनेरी_व्हर्नियर

बदला, पण मोजून. ‘स्ट्रॅटला बसेल’ एवढं वाचून मागवणारे निम्मे लोक नंतर परत पाठवायचा खोका शोधत असतात.

व्हर्नियर घ्या. दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. स्ट्रॅट धाटणीच्या दोन स्टडवाल्या ब्रिजला बहुतेक ५६ मिलिमीटर येतं. ७४ आलं तर ते फ्लॉइड रोझ (तारा दोन्ही टोकांना आवळून धरणारा ट्रेमोलो) घराण्याचं माप, स्ट्रॅटचा नेहमीचा ब्रिज तिथे बसणार नाही. सहा स्क्रूवाला असेल तर टोकाच्या दोन स्क्रूंमधलं अंतर: जुन्या अमेरिकन मापात ५६.४, आशियाई गिटारींत बऱ्याचदा ५२.५. चार मिलीचा फरक डोळ्याला दिसत नाही, लाकडाला दिसतो.

मग पहिल्या आणि सहाव्या सॅडलमधलं अंतर. ते चुकलं तर कडेची तार फ्रेटबोर्डवरून खाली घसरते.

मग ब्लॉकची लांबी. हे कुणी मोजत नाही. स्वस्त गिटारींची बॉडी पातळ असते, पूर्ण लांबीचा ब्लॉक घातला की मागून बाहेर डोकावतो, झाकण बसत नाही. जाडीही बघा, पातळ ब्लॉकसाठी खणलेल्या खाचेत जाड ब्लॉक हलायला जागाच उरत नाही, दांडी अर्ध्यात टेकते.

शेवटी स्टडचे आटे. काही मेट्रिक, काही इंची. नवा स्टड जुन्या बुशात (लाकडात ठोकलेल्या आट्यांच्या नळीत) दोन फेरे गेला आणि अडकला तर पान्ह्याने रेटू नका, बुशासकट लाकूड वर येईल.

सहावी_तार (जळगाव)

५६ आलं. बॉडी ४० मिली, म्हणजे पातळच. ब्लॉकची लांबी ३६.

पण अमळनेरकर, एक अडचण. चांगली कडक प्लेट आणि स्टड मिळतायत, पण त्यासोबतचा ब्लॉक ४० चा आहे. मग?

नाना_फिटर (भुसावळ)

मग तुमचा लेथवाला कामाला लावा. ब्लॉक इथेच होतो. धार विकत घ्यायची, ब्लॉक गावात करायचा, एवढं सोपं गणित आहे. कडक धार काढायला उष्णतेची प्रक्रिया लागते, ती नाक्यावरच्या वर्कशॉपचं काम नाही. ब्लॉक म्हणजे भोकं पाडलेला लोखंडाचा ठोकळा. साचे बनवणारा माणूस मिळालाय हे तर नशीब समजा, त्याचा हात शंभर टक्के मापात असणार.

फक्त हे लेथचं काम नाही, मिलिंगचं आणि ड्रिलचं. त्याला जुना ब्लॉक नमुना म्हणून द्या, नुसतं चित्र देऊ नका. माइल्ड स्टील सांगा. पितळही चालतं, आवाज थोडा वेगळा येतो, त्यावर भांडणारे वेगळा धागा काढतील. तुमचा जुना ब्लॉक जस्ताच्या मिश्रणाचा ओतीव असणार. मऊ धातूत दांडी रोज फिरवली की आटे मरतात, त्यात तुमचा दोष नाही.

सांगायच्या गोष्टी: प्लेटला जोडायचे तीन आटे नव्या प्लेटवरून मार्क करायचे, जुन्या ब्लॉकवरून नाही. तारांची सहा भोकं वरून बारीक, खालून रुंद. तारेच्या टोकाचा बॉल साधारण ४ मिलीचा, तो सहज आत जाऊन खांद्यावर टेकला पाहिजे. खांद्याच्या कडा मोडून घ्यायला सांगा. धारदार कड राहिली की तार तिथेच तुटते, आणि तुटते ती नेमकी मुखड्याच्या वेळी. स्प्रिंगांची पाच भोकं खालच्या अंगाला. दांडीचं भोक सर्वांत शेवटी, दांडी हातात घेऊनच.

चाळीसगावचा_भो

जुना ब्लॉक ठेवून दांडीचे आटेच दुरुस्त नई व्हत का? मना ब्रिज बाकी ठीक शे, रातले बघं. फक्त दांडी फिरस.

नाना_फिटर (भुसावळ)

होतात. भोक मोठं करून आत आट्यांचं बुश किंवा तारेचं इन्सर्ट बसवता येतं, इंजिनच्या ॲल्युमिनियम हेडला प्लगचे आटे गेले की गॅरेजवाले करतात तेच. भोकाभोवती पुरेशी भिंत उरली पाहिजे. पातळ ब्लॉकमध्ये ती उरत नाही, मग ब्लॉकच बदला. दांडी आत तुटली असेल तर मधोमध पंच मारून उलट्या फेऱ्याचा ड्रिल बिट लावा, बऱ्याचदा तुकडा त्याच्याबरोबर सुटून येतो. वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका, जस्त वितळेल आणि तो तुम्हालाच विचारेल आता काय करू.

नंदुरबारी_सातपुडा

उशिरा आलो. माझी फ्लॉइड रोझवाली आहे, म्हणून थोडी भर.

धारेची नानांनी सांगितलेली सगळी पथ्यं इथे दुप्पट लागू. त्याशिवाय दोन जागा झिजतात. सॅडलमध्ये तार दाबून धरणारा छोटा चौकोनी ठोकळा असतो. ३ मिलीच्या ॲलन कीने तो आवळतात. लोक घाबरून इतका आवळतात की ठोकळ्याला खड्डा पडतो किंवा तो तडकतो, आणि मग तार सटकते. तो ठोकळा सुटा मिळतो, त्यासाठी सॅडल फेकू नका. दुसरी जागा लॉकिंग नटचे दाबपट्टे. खाली तारांच्या चऱ्या पडल्या की पट्टा उलटा फिरवून बसवा, काही वर्षं निघतात. ॲलन कीचं टोक घासून गोल झालं असेल तर सायकलच्या दुकानातून नवी घ्या, जुन्या कीने स्क्रूचं डोकं गोल होतं आणि मग खरी मजा सुरू होते.

मामांच्या भिंगावरून आठवलं. फ्लॉइड रोझ स्वतः दागिने घडवायचं काम करायचा. १९७६-७७ च्या सुमारास त्याने पहिला लॉकिंग नट पितळेचा हाताने घडवला, आणि तो लवकर झिजला. मग कडक धातूवर गेला. १९५४ ला लिओ फेंडरने स्ट्रॅटबरोबर सहा स्क्रूंवर डुलणारा ब्रिज आणला, त्यातही झिजायची जागा तीच: प्लेट जिथे टेकते ती. सगळा खेळ त्या टेकायच्या रेघेचा आहे.

धुळेकर_डिस्टॉर्शन

सराफ बाजारात आता ट्रेमोलो मोडून नवा घडवून मिळेल, मजुरी वेगळी.

सहावी_तार (जळगाव)

मामांना वाचून दाखवलं, त्यांनी भाचाप्रेमाने मजुरी सांगितली, ती इथे लिहीत नाही.

नवी अडचण. प्लेट काढल्यावर दिसलं की जाड तारांच्या बाजूचा स्टड बुशासकट हलतोय. दांडी दाबली की स्टड पुढे झुकतो. लाकडाला बारीक चीर आहे.

अमळनेरी_व्हर्नियर

मग तुमच्या सुराचा निम्मा घोटाळा तिथेच होता. धार नवी बसवूनही हा राहिला असता.

बुश काढायची युक्ती: स्टड बाहेर काढा, बुशाच्या तळाशी खिळ्याचा छोटा तुकडा टाका, स्टड परत आत फिरवा. स्टड त्या तुकड्यावर टेकला की बुश आपोआप वर सरकतं. पक्कडीने ओढू नका, पॉलिश उडतं.

चिरेत पातळ सुपरग्लू सोडा, तो स्वतः आत ओढला जातो. वरून क्लॅम्प, रात्रभर. मग भोक गोल मोठं करून त्यात कडक लाकडाची खुंटी बसवा, वाळू द्या, आणि बुशाच्या मापाचं नवं भोक. ड्रिल स्टँडवरच, हातातल्या ड्रिलने नाही. भोक तिरपं गेलं तर ५६ चे ५७ होतील.

खुंटी बाभळीची करा, आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला चालते ती गिटारला चालेल. सुतार सागवान देईल, पण सागाच्या अंगात तेल असतं, त्यावर फेविकॉल तितकासा धरत नाही.

नाना_फिटर (भुसावळ)

+१. फेविकॉल वाळेपर्यंत गिटार गाडीच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, बंद डिकीत त्याहून कितीतरी जास्त. सांधा मऊ पडतो.

सहावी_तार (जळगाव)

अपडेट देतो, बरेच जण व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारतायत.

स्टडची जागा सुताराने बाभळीने भरली, मी शेजारी व्हर्नियर घेऊन उभा होतो, त्याला ते फारसं आवडलं नाही. ५६ जमलं. प्लेट आणि स्टड मागवले. ब्लॉक एमआयडीसीत झाला, माइल्ड स्टीलचा, ३६ लांबी. लेथवाल्याने कडा इतक्या सुरेख मोडल्यात की बॉल आत जाताना आवाजसुद्धा येत नाही. गंजू नये म्हणून त्याने स्वतःहून काळा करून दिला. आता विचारतोय, अजून कुणाला पाहिजेत का.

जुन्या चार स्प्रिंगा तशाच लावल्या. क्लॉचे (स्प्रिंगा अडकवायच्या पट्टीचे) दोन स्क्रू फिरवून ब्रिजची मागची कड बॉडीपासून ३ मिलीच्या आसपास तरंगती ठेवली. नानांची परीक्षा परत घेतली: दाबून सोडलं, ओढून सोडलं, सुई जागेवर. जी तार अजून केसभर चढते, नटवर हात फिरवायचा राहिलाय.

पटकन_सांगतो

स्टेजवर एक तार तुटली की तरंगता ब्रिज सगळ्या तारा चढवतो. लग्नात तरंगता ठेवून काय मिळवणार?

नाना_फिटर (भुसावळ)

या वेळी तुमचं बरोबर आहे. वर ओढायचं काम नसेल तर क्लॉ आणखी आवळा, ब्रिज बॉडीवर टेकवा. दाबता येतं, वर ओढता येत नाही. तार तुटली तरी बाकीच्या जवळपास सुरात राहतात, गाणं पूर्ण होतं. पाचवी स्प्रिंग घालावी लागेल कदाचित.

अजून एक. क्लॉला एक वायर डाखलेली असते, ती तुटली नाही ना बघा. तारांचं अर्थिंग तिथूनच जातं. ती सुटली की घूं आवाज येतो आणि लोक पिकअप बदलत बसतात. वायर ठीक आहे आणि तरीही मंडपात माइकला ओठ लागला की झटका बसतो, तर दोष बहुधा गिटारचा नाही, जनरेटर, वायरिंग किंवा ॲम्पच्या अर्थिंगचा. तिथे मंडपवाल्याशी भांडा, वाजवू नका.

सहावी_तार (जळगाव)

वायर शाबूत आहे. ब्रिज टेकवला. मंडपवाल्याशी भांडण ठरलेलंच असतं.

चाळीसगावचा_भो

नाना, मना ब्लॉकमध्ये बुश बसाडी देनारा भेटी गया. दांडीले कोनता टॅप मांगू? दुकानदार ६ मिली देस, पन दांडी जरा बारीक दिसस.

अमळनेरी_व्हर्नियर

दांडीच्या आट्यांची बाहेरची जाडी मोजा. ६ च्या जवळ आली तर एम ६, पिच (दोन आट्यांतलं अंतर) १ मिली, दुकानदाराचा आटे पाडायचा टॅप बरोबर. ४.८ आली तर ती अमेरिकन १०-३२ आहे, तिचा पिच ०.८ च्या किंचित खाली. बरोबर ५ आली तर एम ५. यातली १०-३२ आणि एम ५ डोळ्याला सारख्याच दिसतात आणि एकमेकींच्या आट्यांत जातातही, तिथेच आटे मरतात. पिच गेज नसेल तर दांडीवर १०-३२ चा बोल्टचा नट हाताने फिरवून बघा. शेवटपर्यंत गेला तर १०-३२ चा टॅप मागवा, अडकला तर एम ५.

चाळीसगावचा_भो

४.८ उनी. १०-३२ ना नट शेवटपर्यंत गया. मांगाडस.